लढाया इंग्रजांनी जिंकल्या, मुलूख ग्रीनने: अमेरिकेच्या दक्षिणेतील युद्ध, १७८०-८२

१८१७-१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला, तेव्हा कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल होता लॉर्ड हेस्टिंग्ज. (वॉरन हेस्टिंग्ज निराळा, नामसाधर्म्यामुळे दोघांची गल्लत नेहमीची.) याच माणसाने २५ एप्रिल १७८१ रोजी अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात हॉबकर्क्स हिलची लढाई जिंकली होती. त्या वेळी तो लॉर्ड रॉडन म्हणून ओळखला जाई. वय अवघे २६. शत्रूने रण सोडले, विजय निर्विवाद होता. आणि पंधरा दिवसांनी याच विजेत्याने साठे पेटवून देऊन कॅम्डेनचे आपले ठाणे सोडले.

जिंकलेल्या सेनापतीवर ही पाळी का यावी? याचे उत्तर त्याच्या पराभूत प्रतिस्पर्ध्याच्या, नॅथनिएल ग्रीनच्या, युद्धपद्धतीत आहे.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध १७७५ मध्ये पेटले. १७७७ मध्ये साराटोगा येथे एक संपूर्ण इंग्रज फौज शरण आली आणि पुढल्या वर्षी फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला. उत्तरेत काही हाती लागत नाही असे पाहून इंग्रजांनी मोहरा दक्षिणेकडे वळवला. तेथे राजनिष्ठांची संख्या मोठी आहे, फौज दिसताच ते उठतील, असा लंडनचा हिशेब होता.

आरंभी तो बरोबरही वाटला. १२ मे १७८० रोजी चार्ल्सटन पडले आणि पाच हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक कैद झाले. १६ ऑगस्टला कॅम्डेन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसने दुसरी फौज उधळली. तिचा सेनापती होरेशियो गेट्स, म्हणजे साराटोगाचा विजयी वीर, घोड्यावर बसून जो निघाला तो सुमारे पावणेदोनशे मैल मागे जाऊन थांबला. साराटोगाची सारी कीर्ती त्या एका दौडीत गेली.

त्याच्या जागी वॉशिंग्टनने ग्रीनला धाडले. ग्रीन ऱ्होड आयलंडमधील लोहारखान्याच्या मालकाचा मुलगा. घराणे क्वेकर, म्हणजे शस्त्र निषिद्ध मानणाऱ्या पंथाचे. युद्धशास्त्र तो पुस्तकांतून शिकला. पायाने किंचित लंगडत असल्यामुळे गावच्या पलटणीने त्याला अधिकारी केले नाही, तेव्हा तो साधा शिपाई म्हणून उभा राहिला. पुढे दोन वर्षे त्याने वॉशिंग्टनच्या सैन्याची रसद सांभाळली. गाड्या, बैल, जोडे, पीठ यांचा हिशेब ठेवण्याचे ते काम त्याला मनापासून नकोसे होते. दक्षिणेत तेच कामी आले.

डिसेंबर १७८० मध्ये शार्लट येथे त्याने सूत्रे घेतली, तेव्हा कागदावर सुमारे तेवीसशे माणसे होती. अंगावर धड कपडे आणि हाती धड शस्त्रे असलेली आठशेही नव्हती. त्याने प्रथम नद्यांची पाहणी करवली. उतार कुठे आहेत, नावा किती आहेत, गाड्यांवर लादून नेता येतील अशा नावा बांधता येतील का, याची त्याने तपासणी केली. लढाईचा बेत नंतर.

मग त्याने युद्धशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात दोष ठरावा अशी गोष्ट केली: बलाढ्य शत्रूसमोर आपली दुबळी फौज दुभंगली. एका जागी सर्वांना पुरेल इतके अन्न नव्हते, आणि दोन तुकड्यांमागे धावायचे तर कॉर्नवॉलिसलाही फौज विभागावी लागणार होती. दुसरी तुकडी त्याने डॅनियल मॉर्गनकडे दिली. हा जुना गाडीवान. तरुणपणी इंग्रज सैन्यात त्याने चाबकाचे फटके खाल्ले होते.

१७ जानेवारी १७८१ रोजी काउपेन्सच्या कुरणात बॅनास्टर टार्लटन मॉर्गनवर चालून आला. गावोगावचे हंगामी शिपाई संगिनीपुढे टिकत नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते. मॉर्गनने त्यांच्याकडून टिकण्याची अपेक्षाच केली नाही. दोन-तीन फैरी झाडा आणि मागे फिरा, एवढेच सांगितले. ते फिरले, शत्रू पळाला असे समजून इंग्रज विस्कळीत होऊन धावले आणि मागे दबा धरलेल्या कसलेल्या पलटणींवर आदळले. टार्लटनच्या सुमारे अकराशेपैकी शंभराहून अधिक ठार झाले, पाचशेहून अधिक कैद झाले.

कॉर्नवॉलिस संतापला. वेग वाढावा म्हणून रॅमझर्स मिल येथे त्याने तंबू, गाड्या, धान्य, दारूची पिंपे, सारे जाळून टाकले, तेही ऐन हिवाळ्यात. रसद सांभाळलेल्या माणसाचा पाठलाग रसद जाळून करणे, यापरती चूक त्या मोहिमेत दुसरी झाली नसावी. कटॉबा, याडकिन आणि शेवटी डॅन अशा नद्या ओलांडत ग्रीन मागे सरकत राहिला. १४ फेब्रुवारीला त्याची फौज डॅनपार झाली. मागून आलेल्या इंग्रजांना समोर फुगलेली नदी दिसली. नावा सगळ्या पलीकडच्या काठावर होत्या.

कुमक मिळताच ग्रीन परतला. १५ मार्चला गिलफर्ड कोर्टहाउसजवळ कॉर्नवॉलिसच्या जेमतेम एकोणीसशे शिपायांनी दुपटीहून मोठ्या अमेरिकन फौजेला मैदान सोडायला लावले. शौर्य खरेच असामान्य होते. पण पाचशेहून अधिक इंग्रज कामास आले वा जायबंदी झाले, म्हणजे चारातला एक. समुद्रापलीकडून त्यांची जागा भरणार कोण? कॉर्नवॉलिस किनाऱ्याकडे, विल्मिंग्टनला गेला आणि तेथून व्हर्जिनियात शिरला.

ग्रीन त्याच्या मागे गेला नाही. तो उलट दक्षिण कॅरोलायनात उतरला आणि रॉडनसमोर उभा राहिला. हॉबकर्क्स हिलवर तो हरला. पण त्याच सुमारास फ्रान्सिस मॅरियन आणि हेन्री ली यांनी फोर्ट वॉटसन घेतला होता. जवळ तोफ नव्हती म्हणून ओंडक्यांचा मनोरा रचून त्यांनी वरून आत गोळ्या झाडल्या. कॅम्डेनची रसदेची वाट तुटली आणि रॉडनला निघावे लागले. पुढे फोर्ट मॉटला वेढा पडला. तो गढी केलेला वाडा रिबेका मॉट या विधवेचा. तिच्या संमतीने त्याचे छप्पर पेटवण्यात आले आणि आतले इंग्रज शरण आले.

मराठी वाचकाला येथे गनिमी कावा आठवेल. साम्य आहेच, मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. मॅरियनच्या टोळ्या ठाणी टिपू शकत होत्या, कारण ग्रीनची नियमित फौज जवळ असल्याने इंग्रजांना विखुरता येत नव्हते. ती फौज हरली तरी चालत होते, नाहीशी झालेली चालली नसती. नाइन्टी सिक्सचा अठ्ठावीस दिवसांचा वेढा फसला. ८ सप्टेंबरला यूटॉ स्प्रिंग्जलाही ग्रीन मागे हटला. एवढ्यावर वर्षाअखेर इंग्रजांकडे त्या भागात चार्ल्सटन आणि सॅव्हाना यांपलीकडे फारसे काही उरले नाही. दरम्यान कॉर्नवॉलिस १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउन येथे वॉशिंग्टन व फ्रेंचांना शरण गेला होता.

या युद्धाची काळी बाजू झाकू नये. किंग्ज माउंटनच्या लढाईत (७ ऑक्टोबर १७८०) इंग्रजांकडून लढणारेही, सेनानी फर्ग्युसन वगळता, जवळपास सारे अमेरिकनच होते. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळले. आणि स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न होताच. काळ्या गुलामांना मुक्त करून त्यांच्या पलटणी उभाराव्यात, असे ग्रीनने दक्षिण कॅरोलायनाला सुचवले. तेथील विधिमंडळाने ते नाकारले. पुढे त्याच ग्रीनने बक्षीस मिळालेल्या जमिनीवर स्वतः गुलाम ठेवले.

सैनिकांच्या कपड्यांसाठी व अन्नासाठी तो स्वतः जामीन राहिला होता. ते कर्ज अखेरपर्यंत फिटले नाही. १९ जून १७८६ रोजी, ४३ व्या वर्षी, जॉर्जियातील मळ्यावर ऊन लागल्याचे निमित्त होऊन तो वारला. त्याच वर्षी सप्टेंबरात कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास उतरला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणपुढे हरिपंत फडके मराठी फौजेसह त्याच्या शेजारी तळ देऊन होते.