जिज्ञासू कोण अन् बाटगा कोण

नारायण वामन टिळकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. १८९३ साली आगगाडीत एक गोरा भेटला, त्यानं हातात नवा करार दिला. टिळक वाचत गेले, स्वतःशी भांडत गेले, अन् १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. माणूस खरा, कविताही खरी. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मी दोनदा वाचलीत. माझं भांडण टिळकांशी नाही.

भांडण शब्दांशी आहे. टिळक ख्रिस्ती झाले तर ते जिज्ञासू. अन् नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यानं, मांगवाड्यानं तोच बाप्तिस्मा घेतला तर? पोटासाठी बाटले! १८७६-७८ चा दुष्काळ काढून आजही हिणवतात. गाव म्हणणारच. पण मिशनऱ्यांच्या मनातही ही पाल चुकचुकायची. ब्राह्मण आला की आत्म्याची तहान, महार आला की भाकरीची भूक. जशी भुकेल्याला तहान लागतच नाही.

आता १८५५ साल बघा. टिळक तेव्हा जन्मलेलेही नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. वेद ब्राह्मणांचे, आम्हांला ते बघायचीही बंदी, मग आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असं ती थेट देवाला विचारते. ही जिज्ञासा नव्हे तर काय? मिशनच्या पत्रानं तो छापला, हे देणं मी मान्य करतो. उगीच नाकारायचं कशाला?

बाबासाहेबही शोधकच. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बोलले, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. मधे एकवीस वर्षं. ख्रिस्ती, मुसलमान, शीख, सगळे बोलवायला आले. बाबासाहेबांनी देवळात जात मोजली तशी चर्चमधेही मोजली. दक्षिणेतल्या चर्चांतली शिवाशीव त्यांनी लिहून ठेवलीय.

सरकारचा हिशेब आणखी न्यारा. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंत धरली. १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. गावकूस मात्र त्याला ओळखतं.

आमच्या आजीची गोष्ट सांगतो. ती बाप्तिस्मा मागायला गेली तेव्हा पाळकांनी विचारलं, “बाई, तू का येतेस?” ती म्हणाली, “हितं पायरीखाली उभं ऱ्हा म्हनत न्हाई कुनी.” पाळकांनी वहीत काहीतरी लिहिलं अन् सांगितलं, “अजून समज आली नाही. पुढच्या वर्षी ये.”

पुढच्या वर्षी ती परत गेली. उत्तर तेच दिलं.