पिंपरीची पुडी आणि टोमॅटोचं रोप

टोमॅटोच्या रोपांचे ट्रे शेतावर यायला लागले की एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, रोपं स्ट्रेप्टोत बुडवून लावू का?" माझं उत्तर "नको" असंच आहे. पण ही पुडी आली कुठून, हे कळलं की उत्तर नीट पटतं. आणि तो इतिहास आपल्या दारातलाच आहे.

१९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, सेलमन वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिन शोधलं. ते तयार करणारा जिवाणू सापडला होता शेणखत घातलेल्या शेताच्या मातीत. पेनिसिलिन क्षयावर चालत नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन चाललं. क्षयाला दाद देणारं ते पहिलं अँटिबायोटिक.

आता पिंपरीकडे या. १९५४ साली केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. औषधं बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, म्हणजे हा कारखाना त्याच्याही आधीचा. १९५५ मध्ये इथे पेनिसिलिन बनू लागलं, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. परदेशातून येणारी महाग औषधं गरिबाला परवडावीत, हा हेतू. आमच्या खेड-चाकणकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून "एच.ए. कंपनी" हेच नाव आहे.

याच कारखान्यातून शेतीसाठी स्ट्रेप्टोसायक्लिन आलं. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन. दोन्ही माणसांची औषधं. भात, लिंबूवर्गीय फळं, बटाटा, टोमॅटो अशा पिकांच्या जिवाणूजन्य रोगांसाठी त्याची शिफारस झाली. टोमॅटोत ती पानांवरच्या जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी होती.

तेव्हा त्याची गरज का वाटली, हे समजायला त्या काळची रोपं आठवा. गादीवाफ्यावर बी फोकायचं, दाट रोपं वाढवायची आणि लागणीच्या दिवशी उपटून जुड्या बांधायच्या. उपटताना बारीक मुळ्या तुटायच्या. तुटलेली मुळी म्हणजे जिवाणूला उघडं दार. दाट वाफ्यात पानाला पान लागायचं, झारीच्या पाण्याने रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जायचा. अशा रोपाला औषधाचा आधार हवासा वाटणं साहजिक होतं.

पण हळूहळू पुडी सवयीची झाली. मर आली, स्ट्रेप्टो. करपा आला, स्ट्रेप्टो. पानं गोळा झाली तरी बुरशीनाशकात पुडी टाकायचीच. वाफ्यातली रोपं कोलमडतात ती बहुतेक पिथियमसारख्या बुरशीने, आणि पर्णगुच्छ हा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू. अँटिबायोटिक या दोघांनाही काही करत नाही. करतं ते एवढंच की शेतातल्या जिवाणूंना औषधाची ओळख करून देतं. फ्लोरिडात टोमॅटो-मिरचीवरच्या ठिपक्यांचा जिवाणू १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्ट्रेप्टोमायसिनला पुरून उरला होता.

त्यात नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन राखून ठेवलेलं औषध आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने मसुदा आदेश काढला. त्यात या दोन्ही औषधांची शेतीसाठी आयात आणि उत्पादन १ फेब्रुवारी २०२२ पासून, तर वापर १ जानेवारी २०२४ पासून थांबवण्याचं म्हटलं होतं. दिशा स्पष्ट आहे. दुकानात कोणी पुडी काढून दिली, तरी आपण घेऊ नये.

मग पुडीचं काम कोण करणार? मी म्हणतो, ट्रे आणि आपले हात.

ट्रेमधलं रोप मुळांच्या गड्ड्यासकट निघतं. मुळी तुटत नाही, दार उघडत नाही. ट्रेचा खरा फायदा हाच. तो टिकवायला मी एवढं पाळतो:

१. घरचं, प्रक्रिया न केलेलं बी असेल तर ५० अंश सेल्सिअस पाण्यात २५ मिनिटं. थर्मामीटर लावूनच. कंपनीचं प्रक्रिया केलेलं बी असं भिजवायचं नाही.

२. जुने ट्रे धुऊन, निर्जंतुक करूनच पुन्हा वापरायचे. पाणी सकाळी. रात्री पान कोरडं राहिलं पाहिजे.

३. २५ ते ३० दिवसांत लागण. पाऊस लांबला, रान तयार नाही, तर रोप ट्रेत कोंडून ठेवायचं नाही. मुळ्या गोल फिरतात आणि रोप लांबट होतं. सरळ पिशवीत हलवायचं. माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत भरायचं, ट्रेला आधी पाणी द्यायचं, गड्डा धरून रोप काढायचं, देठ दाबायचा नाही. देठ पहिल्या दोन दलपानांपर्यंत मातीत गेला तरी चालतो, टोमॅटोला देठावरही मुळ्या फुटतात. कलमी रोपाचा जोड मात्र मातीच्या वरच हवा. हलवल्यावर दोन-तीन दिवस सावली.

४. लागणीआधी पाच-सात दिवस रोपं कणखर करायची. रोज थोडं जास्त ऊन आणि वारा, पाणी कमी. पण रोप सुकू द्यायचं नाही.

५. ठिपके असलेलं रोप शेतात न्यायचंच नाही. ट्रेमधली दहा रोपं फेकली तर दहाच जातात, लावली तर रोग पावसाच्या थेंबांबरोबर पुढच्या सरीत जातो. शेतात ठिपके दिसलेच, तर ताम्रयुक्त बुरशीनाशक, लेबलवरच्या प्रमाणात.

पिंपरीत बनलेलं औषध दवाखान्यातल्या माणसासाठी होतं. ते त्याच्यासाठीच शिल्लक राहू द्या. घरोघरी खोकणारी म्हातारी माणसं आपलीच आहेत.

तुमच्याकडे रोपं किती दिवसांची लावता आणि जमीन कोणती, खाली लिहा.