कोविडनंतरचं नंदुरबार जिल्हा रुग्णालय : ऑक्सिजन प्लांट म्हणजे काय, आणि तो चालू राहायला काय लागतं

नंदुरबार : एप्रिल २०२१ मध्ये राज्यभर लोक सिलिंडरसाठी रात्र रात्र रांगेत उभे होते. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुपोषण सोडून दुसऱ्याच कारणाने मुंबई-दिल्लीच्या टीव्हीवर आलं. आदिवासी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन आहे, याचंच सगळ्यांना नवल वाटत होतं. आज गावात बोलताना मात्र लोक एकच विचारतात, "तो प्लांट आता चालू आहे का हो?" या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात देता येत नाही. म्हणून त्याची सगळी माहिती इथे एका जागी देत आहोत.

आधी काय झालं ते थोडक्यात. पहिल्या लाटेत जिल्ह्यात दिवसाला सर्वाधिक १९० च्या आसपास रुग्ण निघत होते. ती लाट ओसरायला लागली तशी बऱ्याच ठिकाणी कोविड सेंटरं बंद झाली. आपल्याकडे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी उलट केलं. ते स्वतः डॉक्टर, शेजारच्या साक्री तालुक्यातल्या सामोडेचे. सप्टेंबर २०२० मध्ये जिल्हा रुग्णालयात मिनिटाला ६०० लिटर ऑक्सिजन देणारा पहिला प्लांट बसला आणि दुसरी लाट यायच्या आत त्यात भर पडली. त्या लाटेत आकडा दिवसाला बाराशेपर्यंत गेला. गुजरात आणि मध्य प्रदेशातले रुग्णही इकडे यायला लागले. खाटा कमी पडल्या तेव्हा नंदुरबार स्टेशनात रेल्वेचे विलगीकरण डबे उभे केले आणि त्यात रुग्ण ठेवले.

हवेतून ऑक्सिजन

टीव्हीवर तेव्हा सरसकट 'लिक्विड ऑक्सिजन प्लांट' म्हणायचे. तिथेच घोटाळा होतो. लिक्विड ऑक्सिजन टँकरने येतो आणि मोठ्या टाकीत भरतात. त्याच्या एका लिटरचा साधारण ८६० लिटर वायू होतो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात गळती होऊन त्याच दिवशी २२ रुग्ण गेले, ती अशीच टाकी होती. आपल्याकडे बसला तो पीएसए प्लांट. त्याला टँकर लागत नाही, तो बाहेरची हवाच ओढतो.

काम सोपं आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. कंप्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातलं पाणी काढतो, फिल्टर तेल आणि धूळ अडवतात. मग ती हवा दोन उंच टाक्यांपैकी एकीत जाते. टाकीत झिओलाइट नावाचे बारीक दाणे भरलेले असतात. दाब असताना हे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाणे भरले की दाब सोडून नायट्रोजन बाहेर टाकायचा, तोवर दुसरी टाकी काम करते. असं आळीपाळीने चालू राहतं. बाहेर पडणारा ऑक्सिजन ९३ टक्के, त्यात तीन इकडे-तिकडे.

आता हिशेब करू. मिनिटाला ६०० लिटर म्हणजे तासाला ३६ हजार. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर मावतो. म्हणजे तासाला पाच आणि दिवसाला सव्वाशेच्या आसपास सिलिंडर झाले. पण एवढ्यात किती माणसं भागतात? साध्या मास्कवर मिनिटाला ५ लिटर लागणारे १२० रुग्ण भागतात. पिशवीच्या मास्कवर १५ लिटर लागले तर ४० च भागतात. हाय फ्लोच्या मशीनवर ६० लिटर ओढणारे असतील तर फक्त १०. 'शंभर खाटांना ऑक्सिजन' असं कोणी सांगितलं तर म्हणूनच विचारायचं, कुठल्या शंभर खाटांना?

आणि वाया जाणारा वेगळा. मे २०२१ मध्ये माझे चुलते दाखल होते. जेवताना त्यांनी मास्क काढला की ऑक्सिजन तसाच सुटत राहायचा. एका रात्री त्यांना धाप लागली, तेव्हा मी स्वतः भिंतीवरच्या नळीची चकती फिरवून वाढवली. जास्त दिला तर लवकर बरे होतील, एवढीच माझी अक्कल. सिस्टरने येऊन चांगलंच झापलं. पालथं झोपवलं, मास्क नीट बसवला, चकती परत खाली आणली. तासाभरात बोटावरच्या मशीनचा आकडा चढला. हेच काम नीट बांधून नंदुरबारात 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या होत्या. प्रत्येक खाटेवर जाऊन कोणाला किती लागतोय ते बघायचं, मास्क काढलेला असेल तर बंद करायचं. चुलते पंधरा दिवसांनी घरी आले. शेजारच्या खाटेवरचे बाबा आले नाहीत.

बंद ठेवला तर

कोविड गेला, मग प्लांट कशाला चालवायचा, असं काही जण म्हणतात. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. विहिरीवरची मोटार दोन वर्षं बंद ठेवा आणि मग ऐन उन्हाळ्यात बटण दाबा. पीएसएचं तसंच आहे, उलट जास्त नाजूक. झिओलाइटचा सगळ्यात मोठा वैरी ओलावा. ड्रायर बंद पडला आणि ओली हवा आत गेली की दाणे खराब होतात. मग प्लांट आवाज करतो, दिवे लागतात, पण ऑक्सिजनचा टक्का खाली येतो. फिल्टर ठरल्या तासांनी बदलावे लागतात, कंप्रेसरचं तेल बदलावं लागतं. बसवताना कंपनीची वॉरंटी असते. ती संपल्यावर देखभालीचा करार कोण करणार आणि पैसे कुठून येणार, यावरच पुढचं सगळं ठरतं.

दुसरी गोष्ट वीज. वीज गेली की प्लांट बंद, म्हणून त्याला पुरेल एवढा जनरेटर आणि डिझेल हवं. शिवाय सिलिंडरचा साठा हाताशी हवाच. तिसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. साध्या पीएसएतून सिलिंडर भरता येत नाही. सिलिंडरला १५० बारच्या आसपास दाब लागतो, त्यासाठी वेगळा बूस्टर बसवावा लागतो. तो नसेल आणि वॉर्डापर्यंत पाइपलाइन नसेल, तर आवारातला प्लांट म्हणजे नुसती शोभेची वस्तू.

ऑक्टोबर २०२१ पर्यंत पीएम केअर्समधून देशात बाराशेच्या वर असे प्लांट मंजूर होऊन बहुतेक सुरूही झाले होते. ते चालवायला आयटीआयच्या मुलांना शिकवलं. २७ डिसेंबर २०२२ ला आणि परत १०-११ एप्रिल २०२३ ला देशभर रंगीत तालीम झाली. तालमीच्या दिवशी प्लांट चालवून बघणं चांगलंच, पण कोविडसाठी कंत्राटावर घेतलेली माणसं राज्यभर लाट ओसरताच घरी गेली. मशीन ठेवलं आणि हात काढून घेतले. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं.

गरज तर रोजची आहे. पावसाळ्यात सातपुड्यातून न्यूमोनियाची लेकरं येतात. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ असतं. मण्यार चावलेल्याचा श्वास थांबत जातो, त्याला व्हेंटिलेटर लागतो. सिकलसेलच्या रुग्णाची छाती भरते. धडगाव-मोलगीकडून बांबूलन्सने रस्त्यापर्यंत आणि तिथून गाडीने घाट उतरून आलेल्या माणसाला दवाखान्यात पोचल्यावर पहिल्यांदा हेच लागतं.

बाकीचं काय सुरू झालं

कोविडच्या काळात साधी ओपीडी आटली होती. मोतीबिंदू, हर्निया, कुटुंब नियोजन अशी ठरवून करायची ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. ती पुढे हळूहळू रुळावर आली. याच काळात, २०२० मध्ये, नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. १०० जागा, जिल्हा रुग्णालयाला जोडून. हे या जिल्ह्यासाठी प्लांटपेक्षा मोठं काम आहे असं माझं मत. कॉलेज आलं की शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर लागतात, आणि तेच वॉर्डात रुग्ण बघतात. अर्थात पदं भरलेली असतील तर.

लसीकरणात पडलेला खंड मात्र दोन वर्षांनी दिसला. २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला. आपल्याकडे ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांची लेकरं सगळ्यात जास्त सुटतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. होळीला घरी आलात की लसीचं कार्ड घेऊन आशाताईंना दाखवा. एक डोस राहिला असेल तरी तो नंतर देता येतो, सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.

पैशाचंही सांगतो, कारण अजून पुष्कळांना माहीत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे, तिथे आधी विचारून घ्यावं.

कोविडने दोन्ही पालक नेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने ५ लाखांची ठेव ठेवली, ती वयाच्या २१ व्या वर्षी मिळते. केंद्राच्या योजनेत १८ व्या वर्षी १० लाखांचा निधी उभा राहतो, त्यावर महिन्याला विद्यावेतन आणि २३ व्या वर्षी पूर्ण रक्कम. तेव्हा बारा-तेरा वर्षांची असलेली पोरं या काही वर्षांत अठराची होतात. सांभाळणाऱ्या काका-मामांनी पासबुक, आधार आणि मृत्यूचे दाखले एका पिशवीत नीट ठेवावेत आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात एकदा जाऊन यावं.

आता पहिल्या प्रश्नाकडे. प्लांट चालू आहे का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या दवाखान्यापर्यंत रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यावर लोकप्रतिनिधी असतात, तिला थोडाफार निधीही येतो. बैठकीत चार गोष्टी नोंदवायला सांगा : मागच्या महिन्यात प्लांट किती तास चालला, मीटरवर ऑक्सिजनचा टक्का किती आला, फिल्टर शेवटचे कधी बदलले, आणि रात्रपाळीला तो चालू करता येणारा माणूस कोण. ग्रामीण रुग्णालयात प्लांट नसेल, तर भरलेले सिलिंडर किती आणि कॉन्सन्ट्रेटर चालू किती ते विचारा. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८, बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला १०२, आरोग्याचा सल्ला हवा असेल तर १०४.