शिळं ऊन, ताजं ऊन

नागपूर. नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस. पहाटेचे साडेपाच.

आजी खालून बजावते, "दुपट्टा बांधून जा बाप्पा, नवतपा लागला!" तुम्ही हो म्हणता आणि गच्चीचा जिना चढता. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात लांब दांडीचं मऊ फडकं. सोलरचे पॅनल धुवायचे तर याच वेळेला. दुपारी काच इतकी तापते की गार पाणी पडलं तर तडकायची भीती.

काचेवरून बोट फिरवता, तर पिठासारखी धूळ बोटाला लागते. पुसलेल्या पट्ट्यातून गर्द निळसर-काळे चौकोन दिसतात आणि त्यांच्यावर केसाइतक्या बारीक चांदीच्या रेघा. याच गच्चीवर आजीनं चाळीस उन्हाळे कुरडया वाळवल्या, सांडगे घातले, मिरच्या पसरल्या. उन्हाला कामाला लावणं तिला नवं नाही. पण गच्चीवरचं ऊन खोलीतल्या कूलरपर्यंत नेता येतं, हे तिनं सत्तरी ओलांडल्यावर पाहिलं.

सूर्य वर येतो. तुमच्या हातावर पडलेला हा उजेड तिथून निघाला त्याला ८ मिनिटं २० सेकंद झाली. आजीनं चहाचं आधण ठेवलं, तेव्हा तो वाटेत होता. इतकं ताजं ऊन! आणि शहराच्या उत्तरेला कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडताहेत. तिथेही ऊनच जळतंय, पण फार जुनं. किती जुनं ते पाहायचंय? ओला तळहात काचेवर टेकवा. डोळे मिटा.

हीच जागा. सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी.

अंगावर शहारा येतो. नागपूरच्या जमिनीवर तुम्ही उभे आहात आणि हवा थंड आहे! ही जमीन अजून पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे आहे, अंटार्क्टिकाला चिकटलेली. हिमयुग सरून गेलंय, बर्फ मागे हटलाय आणि सगळीकडे दलदल पसरलीय. पुढे भूशास्त्रज्ञ या महाखंडाला गोंडवन म्हणतील. हे नाव ते गोंडांच्या मुलखावरून घेतील, म्हणजे ज्या बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, त्याच्या माणसांच्या मुलखावरून.

कान देऊन ऐका. पक्षी नाहीत, कारण ते अजून जन्मायचे आहेत. कुठे फूलही नाही. आहेत ती ग्लॉसोप्टेरिसची उंच झाडं, जिभेच्या आकाराच्या पानांची. एक पान हातात घ्या. मधोमध जाड शीर, दोन्ही बाजूंना शिरांची बारीक जाळी. पडलेल्या उन्हातला शेकडा एखादा भाग हे पान धरून ठेवतं आणि त्यातून लाकूड, साल, नवी पानं घडवतं. पानगळीत ते दलदलीत पडतं. तिथल्या साचल्या पाण्यात हवा पोचत नाही, म्हणून ते पुरतं कुजत नाही. त्यावर दुसरं पान पडतं, मग गाळ, पुन्हा पानं, पुन्हा गाळ. ऊन गाडलं जातंय, थरावर थर. तुम्ही उभे आहात तो उमरेड-सावनेर-कामठीचा उद्याचा कोळसा आहे.

पॅरिस. १८३९.

डोळे उघडता ते वडिलांच्या प्रयोगशाळेत राबणाऱ्या एका १९ वर्षांच्या मुलाशेजारी. एदमाँ बेकरेल त्याचं नाव. तिकडे नागपुरात तिसऱ्या रघुजी भोसल्यांचं राज्य आहे आणि रात्री समया-दिवट्या जळताहेत.

भांड्यात आम्ल आहे आणि त्यात बुडवलेले प्लॅटिनमचे दोन पत्रे. पत्र्यावर चांदीच्या क्षाराचा लेप आहे. मुलगा एका पत्र्यावर ऊन पडू देतो. मापकाचा काटा हलतो. तो सावली करतो, काटा मागे येतो. पुन्हा ऊन, पुन्हा काटा पुढे. भांड्याखाली आग नाही, कुठे चाक फिरत नाही, तरी तारेतून वीज वाहतेय. असं का होतं, याचं उत्तर त्याच्यापाशी नाही आणि जगात कुणापाशीच नाही. पण काटा हललेला त्यानं पाहिलाय आणि तो ते लिहून ठेवतो. तुमच्या गच्चीची गोष्ट या काट्यापासून सुरू होते.

सिलेवाडा, कामठीजवळ. १८५० नंतरची काही वर्षं.

आता पुन्हा विदर्भाचं ऊन, ओळखीचं, टाळू तापवणारं. दगडाच्या खाणीत एक स्कॉटिश पाद्री वाकून बसलाय. स्टीफन हिस्लॉप. ज्याच्या नावाच्या कॉलेजात नागपूरच्या पिढ्या शिकल्या, तोच हा. शाळा आणि धर्मोपदेश सांभाळून त्यानं दगड वाचायचा छंद धरलाय.

हातोडीच्या घावासरशी वालुकाश्म वहीच्या पानांसारखा उकलतो आणि आत जिभेच्या आकाराची खूण दिसते. मधोमध जाड शीर, बाजूंना बारीक जाळी. तुम्ही ती ओळखता. असलंच पान तुम्ही हातात धरलं होतं. हिस्लॉपचे हे नमुने लंडनच्या अभ्यासकांपर्यंत जातील. १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात त्याचा अंत होईल. पण नागपूरच्या पोटात एक अख्खं अरण्य निजलंय, याची साक्ष त्यानं मिळवून ठेवलीय.

मरे हिल, न्यू जर्सी. २५ एप्रिल १९५४.

बेल लॅबोरेटरीजमध्ये पाहुणे जमलेत. टेबलावर खेळण्यातला आकाशपाळणा आहे. शेजारी सिलिकॉनच्या काही पट्ट्या. त्यांच्यावर उजेड पडतो आणि पाळणा फिरू लागतो.

या टेबलापर्यंतची वाट लांबलचक आहे. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं सांगितलं की उजेड धारेसारखा सलग न येता सुट्या पुड्यांनी येतो. १९४० मध्ये याच संस्थेतल्या रसेल ओल यांच्या हाती सिलिकॉनचा एक तडा गेलेला तुकडा आला. त्यावर उजेड पडताच जवळजवळ अर्धा व्होल्ट दाब दिसला. तड्याच्या एका बाजूला एक भेसळ होती, दुसऱ्या बाजूला दुसरी. त्या दोहोंच्या हद्दीवरच सगळी किमया होती. मग डॅरिल चॅपिन यांच्यापुढे प्रश्न आला की उष्ण, दमट प्रदेशात टेलिफोनच्या बॅटऱ्या लवकर खराब होतात, त्याला उपाय काय? कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पीअरसन यांच्या साथीनं त्यांनी ही हद्द मुद्दाम घडवली. पडलेल्या उन्हाचा शेकडा ६ भाग आता वीज होतो. तुमच्या गच्चीवरचे पॅनल विसाच्या पुढे गेलेत, पण घराणं हेच.

कोराडी. १९७४.

पहिला संच सुरू होतोय. कोळशाची भुकटी भट्टीत उडते आणि गोंडवनातली ती पानं, दलदलीवरचं ते ऊन, एका क्षणात भडकतं. पाण्याची वाफ, वाफेनं फिरणारं टर्बाइन, त्यावर जनित्र. कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होऊन तारेत जातो. बाकीचा हवेत आणि पाण्यात. मागे उरते राख.

त्या विजेवर तुमच्या आजीनं संसार मांडला, त्या दिव्याखाली तुमच्या घरातली मुलं शिकली. हे उपकार विसरण्याजोगे नाहीत. पण जे साठायला कोट्यवधी वर्षं लागली, ते आपण दोन-तीन पिढ्यांत जाळत आणलं, हेही नजरेआड करता येणार नाही.

तुमची गच्ची. दुपारचे बारा.

तळहाताखालची काच भाजते. आता काचेतून आत उतरा. पोस्टकार्डाहून पातळ अशा सिलिकॉनच्या चकतीत, म्हणजे एका सेलमध्ये, तुम्ही आहात. चहूकडे अणूंच्या रांगा, प्रत्येकानं चार शेजाऱ्यांचे हात धरलेले. एका थरात अधूनमधून फॉस्फरस पेरलाय. त्याला पाच हात, म्हणून एक इलेक्ट्रॉन मोकळा. दुसऱ्या थरात बोरॉन. त्याला तीनच हात, म्हणून एक जागा रिकामी. दोन थर भेटतात तिथे विजेचा एक उतार तयार झालाय, इलेक्ट्रॉनला एकाच बाजूला घरंगळू देणारा.

वरून उजेडाच्या पुड्या कोसळताहेत. रेल्वे स्टेशनवरचं वजनाचं यंत्र आठवा. त्यात रुपयाचं नाणं टाकलं तरच चाक फिरायचं. चार आण्यांची चार नाणी टाकून काम व्हायचं नाही. सिलिकॉनचा हिशेबही तसाच आहे. कमी ताकदीची अवरक्त किरणांची पुडी आली, तर ती आरपार निघून जाते. पुरेशी ताकद असलेली एकच पुडी आली, की एक इलेक्ट्रॉन सुटतो. जास्त ताकदीची आली तरी एकच सुटतो. वरची मोड परत मिळत नाही, तिची उष्णता होते. म्हणून अशा साध्या सेलला फार तर एकतृतीयांशाच्या आसपास उन्हाची वीज करता येते.

सुटलेल्या इलेक्ट्रॉनबरोबर तुम्हीही घरंगळता. चांदीची रेघ, तिथून पट्टी, तिथून तार. एका सेलचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास, म्हणून सेलमागे सेल जोडत गेलेत. खाली भिंतीवर इन्व्हर्टर गुणगुणतोय. एकाच दिशेनं वाहणाऱ्या या विजेची तो सेकंदाला ५० फेऱ्यांची, घरच्या २३० व्होल्टची वीज करतो. कूलरचा पंखा फिरतो, ओल्या वाळ्यातून गार वारा सुटतो. उन्हानंच उन्हाला थोपवलंय! इलेक्ट्रॉन मात्र खर्ची पडत नाही. फेरा पुरा करून तो आपल्या रिकाम्या जागेवर परत येतो, पुढच्या पुडीची वाट पाहत.

नागपूरकरानं एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: पॅनलला उजेड हवा असतो, तापणं नको असतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याची ताकद शेकडा ०.३ ते ०.४ नं घटते. नवतप्यात पॅनल ६५ अंशांवर गेला, की शेकडा १२ ते १६ गमावलेच. तितकंच स्वच्छ ऊन फेब्रुवारीत पडलं तर वीज जास्त मिळते. म्हणून छत आणि पॅनल यांच्यात वारा खेळायला जागा ठेवायची आणि पहाटे उठून धूळ पुसायची.

रात्रीचे आठ.

गच्चीवरचे चौकोन मुके झालेत. ३ किलोवॅटच्या संचानं आज बारा-एक युनिट वीज दिली. घरात वापरून उरलेली दुपारी महावितरणच्या जाळ्यात गेली. मीटरनं तिचा हिशेब ठेवलाय. 'पीएम सूर्यघर' योजनेत या संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळालं, तेव्हा घरात तो बसवायचा धीर आला. गल्लीतल्या आणखी चार घरांवर आता तसेच चौकोन दिसतात.

पण आत्ता लागलेला दिवा? तो बहुतेक कोराडीचा किंवा खापरखेड्याचा. त्या पानांचा. बटण दाबताना तुमचं बोट क्षणभर थबकतं, कारण ते झाड तुम्ही पाहून आला आहात.

आजीला तुम्ही सगळं सांगता. थंडी, पान, पाळणा, सिलेवाड्याचा दगड. ती शांतपणे ऐकते. मग उठते, रिकाम्या खोलीतला दिवा मालवते आणि म्हणते, "उद्यापासून पाण्याची मोटर, मिक्सर, कपड्यांचं मशीन, समदं दुपारी उरकत जा. वाळवण का रात्री घालते कोणी?"

गच्चीवर तिनं चाळीस उन्हाळे हेच तर केलं होतं. ऊन आहे तोवर घालायचं, सांजेच्या आत उचलायचं.