निरोप सांभाळणारा मधला

जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्या परिचयाची आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची ही दुर्बीण 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळाकडे रोखलेली होती. ‘स्कियापरेली’ हे युरोपीय यान तेथे उतरत होते. त्याचा क्षीण संकेत पावणेदहा मिनिटांनी खोडदला पोहोचत होता. वारंवारतेतील बदलावरून हवाई छत्री उघडल्याचे कळले. मग उतरण्याच्या जरासे आधी संकेत थांबला.

काय बिघडले? संकेतातील माहिती उलगडण्याइतका तो प्रबळ नव्हता. ती माहिती मंगळाच्या कक्षेत शिरणाऱ्या जोडीदार यानाने साठवून ठेवली आणि नंतर पृथ्वीकडे धाडली. तिच्यावरून उलगडा झाला: परिवलन मोजणारे उपकरण सुमारे सेकंदभर कमाल मर्यादेवर अडकले, यान जमिनीखाली असल्याचा हिशेब संगणकाने केला आणि छत्री अकाली सुटली. यान आदळले, निरोप मात्र वाचला.

‘साठवा, न्या, पुढे द्या’ हेच विलंबसहिष्णू जाळ्यांचे तत्त्व. नेहमीचे इंटरनेट दोन्ही टोके एकाच वेळी जोडलेली आहेत असे धरून चालते. ग्रहांमध्ये ते शक्य नाही, म्हणून 1998 मध्ये विंट सर्फ आणि अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील शास्त्रज्ञांनी वेगळ्या रचनेचा विचार सुरू केला. 2003 मध्ये केव्हिन फॉल यांनी तो पृथ्वीवरील तुटक जाळ्यांना लागू केला. त्याच सुमारास कर्नाटकात ‘डाकनेट’ प्रयोगात बसवर बसवलेले बिनतारी यंत्र गावोगावचे संदेश वाहू लागले.

आता समजा, घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या एस.टी.तील प्रवाशांच्या मोबाइलवर हे काम सोपवले. यान आज्ञेप्रमाणे वागते. मोबाइलचा मालक मात्र विचारील, परक्याच्या निरोपासाठी माझी बॅटरी का खर्चू? सर्वांनीच असे म्हटले, तर कोणाचाच निरोप पोहोचणार नाही.

यावर ‘जशास तसे’ हा नियम सुचतो. 1980 मध्ये रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी घेतलेल्या संगणकीय स्पर्धेत तोच जिंकला होता. 2008 मध्ये अमेरिकी संशोधकांनी तो या जाळ्यांना लावला, तेव्हा अडचण दिसली: दोघे अनोळखी भेटले, तर ‘आधी तू’ म्हणत दोघेही थांबतात. म्हणून त्यांनी नियमात थोडा उदारपणा घातला. परतफेडीची वाट न पाहता काही निरोप आधी न्यायचे.

वर्गात चिठ्ठ्यांचा खेळ मांडून आपण हे तपासू शकतो. प्रत्येकाने किती परक्या चिठ्ठ्या वाहायच्या हे मुलांनाच ठरवू द्यावे, आणि किती पोहोचल्या ते मोजावे.