'गद्दारांची कमान' आणि कोरेगावचा स्तंभ

दरवर्षी डिसेंबर संपत आला की आमच्या मोबाईलवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊन पडतो. "इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांचा कसला अभिमान बाळगता? ही तर गद्दारी!" आम्हीही दरवर्षी उत्तर देतो. पेशवाईतल्या अस्पृश्यांच्या कमरेची झाडू आणि गळ्यातले मडके बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे, त्याची आठवण करून देतो. समोरचा ऐकत नाही, आणि पुढच्या डिसेंबरला तोच प्रश्न घेऊन परत येतो.

यंदा आम्ही थोड्या लांबच्या वाटेने जायचे ठरवले आहे. ज्या देशात हाच प्रश्न शंभर वर्षे धुमसत राहिला आणि शेवटी त्या देशाने त्याला प्रामाणिकपणे तोंड दिले, तो देश आयर्लंड. ज्या पलटणीवरून हे सगळे घडले ती रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स. नाव डब्लिनचे असले तरी या पलटणीची अर्धी नाळ आपल्या मुंबईत पुरलेली आहे.

मुंबईच्या आंदणातून आलेली पलटण

१६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. बेटाचा ताबा घ्यायला राजाने शेकडो शिपाई पाठवले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ताबा दिला नाही, म्हणून त्या शिपायांना गोव्याच्या दक्षिणेला अंजदीव बेटावर दिवस काढावे लागले. तिथे रोगराईने बहुतेक जण मेले. जे मूठभर उरले ते १६६५ मध्ये मुंबईत उतरले. १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्यावर मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली आणि तिथले शिपाईही कंपनीच्या चाकरीत गेले. याच मूठभर माणसांपासून कंपनीची 'बॉम्बे युरोपियन रेजिमेंट' आपला वंश सांगत असे.

हीच गोरी पलटण ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेसमोर उभी होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगावात बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन लढली. दोन्ही पलटणी एकाच बॉम्बे आर्मीच्या. एकीत गोरे होते आणि दुसरीत आपले पूर्वज. 'खडकी' हे नाव पुढे डब्लिनच्या पलटणीच्या युद्धसन्मानांत गेले, आणि कोरेगावच्या मेलेल्यांची नावे भीमेकाठच्या स्तंभावर कोरली गेली.

त्या गोऱ्या पलटणीतले गोरे तरी कोण होते? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीच्या गोऱ्या शिपायांत जवळपास निम्मे आयरिश होते. म्हणजे ज्यांचा स्वतःचा देश इंग्रजांच्या ताब्यात, ज्यांच्या कॅथलिक धर्मावर पिढ्यान् पिढ्या कायद्याची बंधने, अशी गरीब माणसे पोटासाठी इंग्रजांची बंदूक उचलून पुण्यापर्यंत आली होती. वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावे.

पलटण म्हणजे नेमके काय?

१८५७ नंतर कंपनी गेली आणि राणीचे राज्य आले. कंपनीच्या गोऱ्या शिपायांना न विचारता राणीच्या सैन्यात वळते केले गेले, तेव्हा ते बिथरले. नवी भरती तर नवा भत्ता द्या, असे त्यांचे म्हणणे होते. हजारो जणांनी हट्टाने नोकरी सोडली आणि सरकारने त्यांना मायदेशी जाऊ दिले. इतिहासात याला 'गोऱ्यांचे बंड' म्हणतात. दोनच वर्षांपूर्वी काळ्या शिपायांना तोफेच्या तोंडी देणाऱ्या सरकारने गोऱ्यांशी वाटाघाट केली, हा फरकही नोंदवून ठेवू.

१८६२ मध्ये मुंबईची ती पलटण ब्रिटिश सैन्यातली १०३ वी 'रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स' झाली. मद्रासची भावंड पलटण १०२ वी झाली. १८८१ च्या फेररचनेत या दोघींना जोडून 'रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स' हे नाव दिले गेले. त्या फेररचनेचे तत्त्व सोपे होते. प्रत्येक पायदळ रेजिमेंटला एक जिल्हा आणि एक कायमचा डेपो. दोन नियमित बटालियन, त्यातली शक्यतो एक मायदेशी आणि एक साम्राज्यात कुठेतरी. मायदेशातली बटालियन माणसे तयार करणार आणि परदेशातली ती वापरणार. मद्रासची पलटण पहिली बटालियन झाली, मुंबईची दुसरी, आणि डब्लिन-किल्डेअर भागातल्या तीन मिलिशिया पलटणी तिसरी, चौथी व पाचवी. डेपो किल्डेअरमधल्या नास गावी. पहिल्या महायुद्धात हा आकडा अकरा बटालियनपर्यंत गेला.

बिल्ल्यावर पेटता बाँबगोळा, आणि त्यावर वाघ व हत्ती. डब्लिनच्या गल्लीतला हमाल कपाळावर हिंदुस्थानचा हत्ती मिरवत फिरत होता! परंपरा अशीच तयार केली जाते. झेंड्यावर लढायांची नावे, बिल्ल्यावर जनावर, आणि शिपायाला सांगायचे की हे तुझे घराणे. १९०० मध्ये बोअर युद्धात आयरिश पलटणींचे रक्त सांडले तेव्हा राणीने त्यांना संत पॅट्रिकच्या दिवशी टोपीवर शॅमरॉकचे पान लावायची परवानगी दिली. साम्राज्याचे कौतुक असे स्वस्त असते.

भरती कोण होत होते?

१९११ च्या सुमाराला डब्लिनमधली सुमारे वीस हजार कुटुंबे एकेका खोलीत राहत होती. सप्टेंबर १९१३ मध्ये चर्च स्ट्रीटवरच्या चाळी कोसळून सात माणसे मेली. त्याच वर्षी मालकांनी युनियनच्या हजारो कामगारांना कामावरून बाहेर काढले आणि महिनोन् महिने टाळेबंदी चालली. पुढच्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. उपाशी कामगार रांगेत उभा राहिला, कारण शिपायाच्या बायकोला दर आठवड्याला भत्ता मिळत होता. दुसरीकडे आयरिश पुढारी जॉन रेडमंड सांगत होते की आज लढा, उद्या स्वराज्य मिळेल. पोटासाठी गेले तसे या वचनावर विश्वास ठेवूनही अनेक गेले.

२५ एप्रिल १९१५ ला गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पहिली बटालियन उघड्या होड्यांतून उतरली आणि मशीनगनखाली कापली गेली. उरलेल्यांना मन्स्टर फ्युझिलियर्सच्या उरलेल्यांशी जोडून तात्पुरती एक पलटण करावी लागली. त्या महायुद्धात या एका रेजिमेंटची चार हजार सातशेंहून अधिक माणसे मेली.

कमान

डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन बागेच्या तोंडाशी एक दगडी कमान आहे. बोअर युद्धात मेलेल्या डब्लिन फ्युझिलियर्सची नावे तिच्यावर कोरली आहेत. ती १९०७ मध्ये उभी राहिली. आयरिश राष्ट्रवाद्यांनी तिला लगेच नाव दिले, 'गद्दारांचा दरवाजा'. राष्ट्रवाद्यांची सहानुभूती बोअरांकडे होती. जॉन मॅकब्राइड तर बोअरांच्या बाजूने आयरिश तुकडी घेऊन लढला होता.

मग १९१६ चा ईस्टर आला. बंडखोरांनी डब्लिनमध्ये प्रजासत्ताक पुकारले, आणि ते मोडायला पाठवलेल्या सैन्यात डब्लिन फ्युझिलियर्सच्याच राखीव बटालियन होत्या. आपल्याच शहरात, आपल्याच माणसांवर गोळीबार. त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये हुलुख येथे याच रेजिमेंटची माणसे जर्मन विषारी वायूने गुदमरून मरत होती. बंडाच्या पुढाऱ्यांना इंग्रजांनी गोळ्या घातल्या, मॅकब्राइडलाही. लोकांचे मन फिरले. कालपर्यंत ज्यांना स्टेशनवर निरोप द्यायला गर्दी झाली होती, ते परत आले तेव्हा पदके ट्रंकेत लपवावी लागली. बंडातल्या गोळ्यांच्या खुणा त्या कमानीवर आजही दिसतात.

१९२२ मध्ये आयर्लंडला आपले राज्य मिळाले. १२ जून १९२२ ला विंडसर किल्ल्यात राजाने दक्षिण आयर्लंडच्या पलटणींचे झेंडे परत घेतले आणि ३१ जुलैला रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स बरखास्त झाली. अडीचशे वर्षांची परंपरा एका कागदाने संपली. साम्राज्याला गरज उरली नव्हती.

आता 'गद्दार' म्हणणाऱ्यांनी पुढचे वाचावे. एमेट डाल्टन नावाचा तरुण याच पलटणीचा अधिकारी होता. १९१६ मध्ये जिन्शीच्या लढाईत त्याने शौर्यपदक मिळवले. युद्ध संपल्यावर तो मायकेल कॉलिन्सच्या बाजूला गेला, आयआरएला लष्करी शिक्षण दिले, आणि स्वतंत्र आयर्लंडच्या सैन्यात मेजर-जनरल झाला. इंग्रजांनी शिकवलेली कवायत स्वराज्याच्या कामी आली. मग डाल्टन गद्दार की देशभक्त?

लटियन्सने आखलेली महायुद्धातल्या आयरिश मृतांची स्मारकबाग डब्लिनमध्ये अनेक दशके झाडाझुडपांत पडून होती. २०११ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी इंग्लंडच्या राणीबरोबर तिथे पुष्पचक्र वाहिले. त्याच्या आदल्याच दिवशी त्या दोघींनी स्वातंत्र्यसैनिकांच्या बागेतही मान झुकवली होती. दोन्ही मृत आपलेच, हे म्हणायला त्या देशाला नव्वद वर्षे लागली. पण त्याने ते म्हटले.

आता आमचा हिशोब

आम्हाला आकडे फुगवायची गरज वाटत नाही. कोरेगावात कंपनीच्या बाजूला आठशेच्या आसपास माणसे होती आणि ती सगळी महार नव्हती. स्तंभावरच्या मेलेल्या एकोणपन्नास नावांत बावीस नावे 'नाक' प्रत्ययाची आहेत. तेवढे पुरे आहे. ज्या समाजाला गावात पाणी नव्हते त्याचे नाव दगडावर मानाने कोरले गेले, हाच तिथला मुद्दा आहे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते इंग्रजांची आरती करायला गेले नव्हते.

इंग्रजांनी आमच्याशी काय केले हेही आम्ही विसरलेलो नाही. 'लढाऊ जाती'चे खूळ डोक्यात घेतलेले सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स स्वतः आयरिश घराण्यातले. त्याच धोरणाने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये केला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली. डब्लिनची १९२२ मध्ये. गरज सरो, वैद्य मरो!

तरीही लष्करातून आमच्या हाती काही आलेच. छावणीतल्या शाळा आल्या, अक्षर आले, आणि ताठ उभे राहायची सवय आली. सुभेदार रामजी सकपाळ त्याच छावणीचे, आणि त्यांचा मुलगा भीमराव पुढे स्वतंत्र भारताच्या संविधानाचा शिल्पकार झाला. आयर्लंडला त्या पलटणीतून डाल्टन मिळाला. आम्हाला छावणीतून बाबासाहेब मिळाले.

एक फरक मात्र मोठा आहे. आयरिश शिपाई घरी परतला तेव्हा त्याला गद्दार म्हटले गेले, पण विहिरीवरून हाकलले गेले नाही. त्याचा देश तरी त्याचा होता. ज्याला स्वतःच्या गावाने कधी आपला मानलाच नाही, त्याने कोणाशी गद्दारी केली? पुढच्या डिसेंबरात प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे. आम्ही भीमेकाठी उभे असू.

जय भीम!