जननसंस्थेचे ज्ञान आणि र. धों. कर्वे

मानवी जननसंस्थेची शास्त्रीय माहिती सामान्य मराठी वाचकापर्यंत नेण्याचे श्रेय प्रामुख्याने रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याकडे जाते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे चिरंजीव १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड गावी जन्मले.

त्यांच्या जन्मापूर्वीच या शास्त्राचा पाया घातला गेला होता. सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज कार्ल फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये शोधले. शुक्रजंतू आणि स्त्रीबीज यांची केंद्रके एकत्र येतात, हे ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ मध्ये सागरी प्राण्यांत दाखवले.

पुरुषाच्या वृषणांत शुक्रजंतू तयार होतात आणि रेतवाहिन्यांतून पुढे जातात. स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बीजकोश असतात. त्यांतून साधारणपणे दर महिन्याला एक बीज बाहेर पडून बीजवाहिनीत येते आणि गर्भधारणा व्हायची असल्यास तिथेच शुक्रजंतूशी त्याचा संयोग होतो. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. तसे झाले नाही, तर अस्तर गळून पाळी येते. बीज पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते, हे जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२०च्या दशकात स्पष्ट केले.

गर्भ कसा राहतो हे कळले, की तो कुठे अडवता येईल हेही कळते. रबरी टोपीने गर्भाशयाचे मुख झाकता येते, तर नसबंदीत रेतवाहिनी बंद केली जाते. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी उघडले. या कार्यापायी कर्वे यांना विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. या कामात पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. लैंगिक प्रश्नांची स्पष्ट उत्तरे देणाऱ्या या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांचे वकीलपत्र घेतले; तरीही त्यांना दंड झाला. मासिक मात्र १४ ऑक्टोबर १९५३ रोजी झालेल्या त्यांच्या निधनापर्यंत चालू राहिले. तोवर, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. आज महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात मानवी जननसंस्था आकृत्यांसह शिकवली जाते.